अमेरिकेतील उपाहारगृह कामगारांना कोविड-१९ टाळेबंदीत मिळालेली शासकीय मदत

कोविड-१९ च्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील उपाहारगृहे, मद्यालये आणि हॉटेले बंद झाली. त्यानंतर सुमारे दीड वर्षाच्या काळात संघराज्य सरकारने आणि काही घटक राज्यांनी या उद्योगातील कामगारांना व मालकांना अनेक योजनांतून आर्थिक मदत दिली. ही मदत प्रामुख्याने तीन मार्गांनी पोहोचली. बेरोजगार झालेल्या कामगाराला थेट साप्ताहिक भत्ता मिळाला, कामगारांना नोकरीवर ठेवणाऱ्या मालकाला माफ होऊ शकणारे कर्ज मिळाले, आणि २०२१ मध्ये केवळ खाद्यव्यवसायासाठी स्वतंत्र अनुदान निधी स्थापन झाला. वेटर, आचारी, भांडी घासणारे व खोल्यांची सफाई करणारे कामगार यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग बक्षिसी, अर्धवेळ काम किंवा रोखीच्या मजुरीतून येत असल्याने, कोणत्या योजनेत कोणते उत्पन्न ग्राह्य धरले जाते यावर प्रत्यक्ष लाभ अवलंबून राहिला.

पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर केले. ओहायो राज्याने १५ मार्च रोजी उपाहारगृहांत बसून खाण्यास मनाई केली. १६ मार्चच्या रात्री ८ वाजल्यापासून न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि कनेटिकट या तीन राज्यांनी एकत्रितपणे तसाच आदेश लागू केला. कॅलिफोर्नियात १९ मार्च रोजी राज्यव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. बहुतेक ठिकाणी खाद्यपदार्थ बांधून देण्यास किंवा घरपोच पाठवण्यास परवानगी होती. मात्र त्यासाठी मुदपाकखान्यात मोजकी माणसे पुरत असल्याने ग्राहकांना वाढणाऱ्या कामगारांची गरज जवळपास संपली.

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या पहिल्या अंदाजानुसार एप्रिल २०२० या एका महिन्यात देशातील सुमारे २ कोटी ५ लाख रोजगार गेले. त्यांपैकी ७७ लाख रोजगार मनोरंजन व आतिथ्य क्षेत्रातील होते, आणि त्यातील ५५ लाख एकट्या खाद्य व पेय सेवेतील होते. त्या महिन्यात देशातील बेरोजगारीचा दर १४.७ टक्के होता, तर मनोरंजन व आतिथ्य क्षेत्रातील दर ३९.३ टक्क्यांपर्यंत गेला. कोणत्याही प्रमुख उद्योगक्षेत्रापेक्षा हा फटका मोठा होता.

बक्षिसीवर आधारित वेतन

अमेरिकेत ग्राहकाने दिलेली बक्षिसी, म्हणजेच टिप, हा वेटरच्या उत्पन्नाचा मुख्य भाग असतो. संघराज्य कायद्यानुसार २००९ पासून किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. परंतु बक्षिसी मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतः तासाला केवळ २.१३ डॉलर देणे पुरेसे असते, आणि उरलेली रक्कम बक्षिसीतून भरून निघेल असे गृहीत धरले जाते. बक्षिसी कमी पडल्यास फरक भरून देणे मालकावर बंधनकारक आहे. २.१३ डॉलरचा हा दर १९९१ पासून बदललेला नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगॉन, नेव्हाडा यांसारख्या काही राज्यांत मात्र अशा कामगारांनाही पूर्ण किमान वेतन द्यावे लागते.

बेरोजगारी विम्याचा भत्ता कामगाराच्या नोंदलेल्या कमाईवरून ठरतो. रोख मिळालेली बक्षिसी कामगाराने मालकाकडे आणि मालकाने शासनाकडे नोंदवली असेल, तरच ती या हिशेबात येते. त्यामुळे नोंद अपुरी असलेल्या कामगाराचा भत्ता त्याच्या खऱ्या कमाईच्या मानाने फारच कमी निघत असे. काहींची नोंदलेली कमाई तर पात्रतेच्या किमान मर्यादेपर्यंतही पोहोचत नसे.

बेरोजगारी भत्त्यातील वाढ

२७ मार्च २०२० रोजी संमत झालेल्या सुमारे २.२ लाख कोटी डॉलरच्या 'केअर्स' कायद्याने बेरोजगारी विम्यात तीन मोठे बदल केले. राज्याकडून मिळणाऱ्या भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलरची संघराज्य भर देण्यात आली. भत्त्याची मुदत १३ आठवड्यांनी वाढवण्यात आली. तसेच नेहमीच्या विम्यात न बसणाऱ्या स्वयंरोजगारी, कंत्राटी आणि कामाचा पुरेसा पूर्वेतिहास नसलेल्या व्यक्तींसाठी 'पँडेमिक अनएम्प्लॉयमेंट असिस्टन्स' ही तात्पुरती योजना सुरू झाली. याच कायद्यानुसार ठरावीक उत्पन्नमर्यादेतील प्रौढांना १,२०० डॉलर आणि प्रत्येक मुलामागे ५०० डॉलर एकरकमी देण्यात आले.

६०० डॉलरची भर सर्वांना सारखीच होती. राज्यांच्या बेरोजगारी कार्यालयांतील संगणकप्रणाली जुन्या असल्याने प्रत्येकाच्या वेतनाच्या प्रमाणात रक्कम काढणे त्यांना थोड्या अवधीत शक्य नव्हते. या सरसकट रकमेचा उपाहारगृह कामगारांना विशेष लाभ झाला. राज्याचा भत्ता एक डॉलर जरी मंजूर झाला असला, तरी भर पूर्ण ६०० डॉलरची मिळत असे. बक्षिसीची नोंद अपुरी असल्याने होणारे नुकसान त्यामुळे बऱ्याच अंशी भरून निघाले. शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार, भत्त्यास पात्र असलेल्या दोन तृतीयांशांहून अधिक बेरोजगारांना गमावलेल्या वेतनापेक्षा अधिक रक्कम मिळत होती. यावरून मोठा राजकीय वाद झाला. अधिक भत्त्यामुळे कामगार कामावर परतणार नाहीत, असे विरोधकांचे म्हणणे होते. साथ पसरत असताना लोकांनी घरीच राहावे हाच टाळेबंदीचा हेतू आहे, असे समर्थकांचे उत्तर होते.

भत्ता वेळेवर मिळणे ही वेगळी अडचण होती. मार्च २०२० च्या अखेरच्या एका आठवड्यात देशभरातून ६० लाखांहून अधिक नवे अर्ज आले. संकेतस्थळे बंद पडणे, दूरध्वनी न लागणे आणि अर्ज आठवडेच्या आठवडे प्रलंबित राहणे असे प्रकार अनेक राज्यांत घडले.

६०० डॉलरची भर जुलै २०२० च्या अखेरीस संपली. ८ ऑगस्ट रोजी राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांनी आपत्ती निवारण निधीतून आठवड्याला ३०० डॉलर देण्याचा आदेश काढला. ही मदत साधारण सहा आठवडे पुरली. तीत एक महत्त्वाची अट होती, ती म्हणजे राज्याकडून आठवड्याला किमान १०० डॉलर भत्ता मिळण्यास पात्र असलेल्यांनाच ती लागू होती. त्यामुळे ज्यांची नोंदलेली कमाई सर्वांत कमी होती, ते अल्पवेतन व अर्धवेळ कामगार या टप्प्यात वगळले गेले.

कामावर परत बोलावले असता नकार देणाऱ्याचा भत्ता बंद होऊ शकत असे. कोविडची लागण होणे किंवा आजारी कुटुंबीयाची शुश्रूषा करावी लागणे अशी कारणे ग्राह्य होती. संसर्गाची सर्वसाधारण भीती हे कारण मात्र संघराज्य कामगार विभागाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुरेसे नव्हते.

वेतन संरक्षण कर्जे

'केअर्स' कायद्यातील दुसरी मोठी योजना म्हणजे 'पेचेक प्रोटेक्शन प्रोग्राम', अर्थात पीपीपी. 'स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन' या संघराज्य संस्थेच्या हमीवर बँका लघुउद्योगांना एक टक्का व्याजाने कर्ज देत. कर्जाची कमाल रक्कम सरासरी मासिक वेतनखर्चाच्या अडीचपट होती. रक्कम ठरलेल्या मुदतीत मुख्यतः वेतनावर खर्च केली आणि कामगारसंख्या टिकवली, तर कर्ज माफ होत असे. मालकाच्या नोंदींतील बक्षिसीची रक्कम वेतनखर्चात धरली जात असे. म्हणजे बक्षिसीची व्यवस्थित नोंद ठेवणाऱ्या उपाहारगृहाला अधिक कर्ज मिळू शकत होते.

सुरुवातीच्या नियमांनुसार कर्ज मिळाल्यापासून ८ आठवड्यांत रक्कम खर्च करणे आणि तिच्यापैकी ७५ टक्के भाग वेतनावर देणे आवश्यक होते. उपाहारगृहांना हे नियम जाचक ठरले. दुकान बंद असताना काम नसलेल्या कामगारांना वेतन द्यायचे, आणि दुकान उघडेल तेव्हा निधी संपलेला असायचा, असा पेच निर्माण झाला. शहरांतील चढे भाडे उरलेल्या २५ टक्क्यांत भागत नसे. शिवाय ६०० डॉलरची भर मिळत असलेल्या कामगाराला कमी वेतनावर परत बोलावणे मालकालाही अवघड जाई. या तक्रारींनंतर ५ जून २०२० रोजी कायद्यात दुरुस्ती होऊन मुदत २४ आठवडे आणि वेतनाचा किमान वाटा ६० टक्के करण्यात आला.

योजनेचे पहिले ३४९ अब्ज डॉलर १६ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच संपले. या टप्प्यातील सुमारे १३ टक्के रक्कम बांधकाम क्षेत्राला मिळाली. सर्वाधिक रोजगार गमावलेल्या निवास व खाद्यसेवा क्षेत्राच्या वाट्याला सुमारे ९ टक्के रक्कम आली. बँका आपल्या जुन्या व मोठ्या खातेदारांचे अर्ज आधी घेत असल्याने छोट्या खानावळी मागे पडल्या, अशी टीका झाली.

या क्षेत्रासाठी कायद्यात एक विशेष सवलत होती. इतर उद्योगांत ५०० कामगारांची मर्यादा संपूर्ण कंपनीला लागू होती, तर निवास व खाद्यसेवेत ती प्रत्येक शाखेला स्वतंत्रपणे मोजली जात असे. परिणामी अनेक शाखा असलेल्या शृंखलाही कर्जास पात्र ठरल्या. 'शेक शॅक' या कंपनीला १ कोटी डॉलर आणि 'रूथ्स हॉस्पिटॅलिटी ग्रुप'ला २ कोटी डॉलर कर्ज मंजूर झाल्यावर जनमत विरोधात गेले, आणि दोन्ही कंपन्यांनी रक्कम परत केली. एप्रिलच्या अखेरीस संसदेने योजनेत ३०० अब्ज डॉलरहून अधिक भर घातली.

डिसेंबर २०२० चा कायदा

२०२०-२१ च्या हिवाळ्यात संसर्ग पुन्हा वाढला आणि अनेक शहरांत उपाहारगृहांच्या आत बसण्यास पुन्हा बंदी आली. २७ डिसेंबर २०२० रोजी संमत झालेल्या कायद्याने बेरोजगारी भत्त्यावर आठवड्याला ३०० डॉलरची भर पुन्हा सुरू केली आणि ६०० डॉलरची एकरकमी मदत दिली. उत्पन्नात मोठी घट झालेल्या उद्योगांना पीपीपीचे दुसरे कर्ज घेण्याची मुभा मिळाली. या दुसऱ्या कर्जासाठी इतर उद्योगांना अडीचपटीची मर्यादा कायम राहिली, तर निवास व खाद्यसेवा क्षेत्राला मासिक वेतनखर्चाच्या साडेतीनपट रक्कम घेता आली. पीपीपी योजना ३१ मे २०२१ रोजी संपली. तोपर्यंत तिच्यातून सुमारे ८०० अब्ज डॉलर वितरित झाले होते.

उपाहारगृह पुनरुज्जीवन निधी

पीपीपीचे नियम खाद्यव्यवसायाला पुरेसे सोयीचे नसल्याने स्वतंत्र निधीची मागणी २०२० च्या वसंतापासूनच होत होती. मार्च २०२० मध्ये स्वतंत्र उपाहारगृहांच्या चालकांनी 'इंडिपेंडंट रेस्टॉरंट कोअॅलिशन' ही संघटना स्थापन केली. ओरेगॉनचे प्रतिनिधी अर्ल ब्लूमेनॉर यांनी जून २०२० मध्ये १२० अब्ज डॉलरच्या निधीचे विधेयक मांडले, पण ते संमत झाले नाही.

११ मार्च २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी स्वाक्षरी केलेल्या 'अमेरिकन रेस्क्यू प्लॅन' कायद्यात 'रेस्टॉरंट रिव्हायटलायझेशन फंड' या नावाने २८.६ अब्ज डॉलरची तरतूद झाली. हे कर्ज नव्हते, अनुदान होते. २०१९ च्या उत्पन्नातून २०२० चे उत्पन्न आणि मिळालेली पीपीपी कर्जे वजा करून अनुदानाची रक्कम ठरत असे. एका उद्योगाला कमाल १ कोटी डॉलर आणि एका शाखेला कमाल ५० लाख डॉलर अशी मर्यादा होती. उपाहारगृहे, मद्यालये, बेकऱ्या, खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि केटरिंग व्यावसायिक पात्र होते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आणि २० हून अधिक शाखा असलेले मालक अपात्र होते. रक्कम वेतन, भाडे, कच्चा माल किंवा बाहेर बसण्याची व्यवस्था यांवर खर्च करता येत असे. पीपीपीप्रमाणे कामगारसंख्या टिकवण्याची अट मात्र नव्हती.

३ मे २०२१ रोजी अर्ज स्वीकारण्यास सुरुवात झाली. पहिले २१ दिवस महिला, माजी सैनिक आणि सामाजिक व आर्थिकदृष्ट्या वंचित गटांतील मालकांच्या अर्जांना प्राधान्य होते. टेनेसीतील एका उपाहारगृहाच्या मालकाने या प्राधान्याला न्यायालयात आव्हान दिले. 'व्हिटोलो विरुद्ध गुझमन' या खटल्यात २७ मे २०२१ रोजी सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने वंश व लिंग यांवर आधारित प्राधान्य राज्यघटनेच्या कसोटीवर टिकण्याची शक्यता नाही, असे मत देऊन त्याला मनाई केली. त्यानंतर अनुदान मंजूर झाल्याचे कळवलेल्या सुमारे ३,००० अर्जदारांना रक्कम देता येणार नाही, असे सांगण्यात आले.

एकूण २ लाख ७८ हजारांहून अधिक पात्र अर्जदारांनी ७२ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची मागणी केली. जून २०२१ च्या अखेरीस निधी संपला तेव्हा सुमारे १ लाख १ हजार अर्जदारांना अनुदान मिळाले होते. म्हणजे जवळपास तीनपैकी दोघे रिकाम्या हाताने राहिले. अनुदान मिळालेले आणि न मिळालेले व्यावसायिक एकाच गल्लीत एकमेकांशी स्पर्धा करत असल्याने या विषमतेची चर्चा दीर्घकाळ चालली. निधीत भर घालणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने एप्रिल २०२२ मध्ये संमत केले. १९ मे २०२२ रोजी सिनेटमध्ये त्याच धर्तीच्या विधेयकाच्या बाजूने ५२ व विरोधात ४३ मते पडली. ते पुढे नेण्यासाठी ६० मते आवश्यक असल्याने प्रस्ताव बारगळला.

मदतीबाहेर राहिलेले कामगार

अमेरिकेतील मुदपाकखान्यांत भांडी घासणे, भाज्या चिरणे आणि स्वयंपाक करणे ही कामे मोठ्या प्रमाणावर स्थलांतरित कामगार करतात. त्यांपैकी अनेकांकडे वास्तव्याचा किंवा कामाचा परवाना नसतो. असे कामगार कर भरत असले, तरी बेरोजगारी विमा आणि 'केअर्स' कायद्यातील एकरकमी मदत या दोन्हींस अपात्र होते. पती किंवा पत्नीपैकी एकाकडे सामाजिक सुरक्षा क्रमांक नसताना दोघांनी संयुक्त विवरणपत्र भरले असेल, तर सुरुवातीला दुसऱ्यालाही रक्कम नाकारली गेली. हा नियम डिसेंबर २०२० च्या कायद्याने बदलला.

ही उणीव काही राज्यांनी अंशतः भरून काढली. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२० मध्ये देणगीदार संस्थांच्या साहाय्याने १२.५ कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. त्यातून सुमारे दीड लाख प्रौढांना प्रत्येकी ५०० डॉलर देण्याची योजना होती. न्यू यॉर्क राज्याने एप्रिल २०२१ मध्ये वगळलेल्या कामगारांसाठी २.१ अब्ज डॉलरचा निधी मंजूर केला. पुरेशी कागदपत्रे असणाऱ्यास १५,६०० डॉलरपर्यंत, तर कमी कागदपत्रे असणाऱ्यास ३,२०० डॉलरपर्यंत मदत मिळत असे. ऑगस्टमध्ये अर्ज सुरू झाले आणि ऑक्टोबरमध्ये ते बंद करावे लागले. सुमारे १ लाख ३० हजार जणांना लाभ मिळून निधी संपला होता.

आजारपणाची रजा आणि आरोग्य

१८ मार्च २०२० च्या 'फॅमिलीज फर्स्ट' कायद्याने कोविडसाठी दोन आठवड्यांपर्यंत भरपगारी रजेची तरतूद केली. परंतु ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांना हे बंधन नव्हते. त्यामुळे मोठ्या खाद्यशृंखलांतील कामगार या संरक्षणाबाहेर राहिले. रजा देण्याचे बंधन ३१ डिसेंबर २०२० रोजी संपले.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी त्या राज्यातील मार्च ते ऑक्टोबर २०२० या काळातील मृत्यूंचा व्यवसायानुसार अभ्यास केला. त्यात कामाच्या वयातील आचाऱ्यांमधील मृत्यू अपेक्षित संख्येपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी अधिक आढळले. अभ्यासलेल्या व्यवसायांत हे प्रमाण सर्वाधिक प्रमाणांपैकी होते. कामावर परतण्याची सक्ती, रजा आणि भत्ता यांवरील वादाला या आकड्यांनी आरोग्याचे परिमाण दिले.

पुन्हा कामावर घेण्याचा हक्क

हॉटेल कामगारांच्या बाबतीत जुनी नोकरी परत मिळणे हाच प्रश्न मोठा होता. उपाहारगृह निधीचा लाभ बहुतेक हॉटेलांना मिळाला नाही. दीर्घकाळ बंद राहिलेली हॉटेले जुन्या कामगारांऐवजी कमी वेतनावर नवे कामगार घेतील, अशी कामगार संघटनांना भीती होती. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२१ मध्ये संमत केलेल्या कायद्यानुसार ५० किंवा अधिक खोल्यांची हॉटेले व काही अन्य आतिथ्य आस्थापनांवर बंधन घालण्यात आले. साथीमुळे कमी केलेल्या कामगारांना ज्येष्ठतेनुसार प्रथम बोलावणे आणि उत्तर देण्यासाठी कामकाजाचे पाच दिवस देणे त्यांना आवश्यक झाले. नेव्हाडानेही त्याच वर्षी याच स्वरूपाचा कायदा केला.

ब्रिटनमधील पद्धतीशी तुलना

ब्रिटनने कामगाराचे मालकाशी असलेले नाते न तोडण्याचा मार्ग निवडला. पब व उपाहारगृहे बंद करण्याचा आदेश २० मार्च २०२० रोजी निघाला. त्याच दिवशी, काम थांबलेल्या कामगाराच्या वेतनाचा ८० टक्के भाग, महिन्याला कमाल २,५०० पौंडांपर्यंत, सरकार भरेल अशी योजना जाहीर झाली. ती ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत चालली. कामगाराला वेगळा अर्ज करावा लागत नसे. परंतु वेतनाच्या हिशेबात ग्राहकांनी स्वेच्छेने दिलेली बक्षिसी धरली जात नव्हती. त्यामुळे बक्षिसीवर अवलंबून असणाऱ्या वेटरला प्रत्यक्ष कमाईच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी रक्कम मिळाली.

समाप्ती आणि मूल्यमापन

'अमेरिकन रेस्क्यू प्लॅन'ने ३०० डॉलरच्या भत्त्याची मुदत ६ सप्टेंबर २०२१ पर्यंत वाढवली होती. कामगार मिळत नसल्याच्या मालकांच्या तक्रारींचा हवाला देत सुमारे निम्म्या राज्यांनी त्या उन्हाळ्यातच तो बंद केला. जुलै २०२२ पर्यंत देशातील एकूण रोजगार साथीपूर्व पातळीवर परतला. मनोरंजन व आतिथ्य क्षेत्रातील रोजगार मात्र तेव्हाही फेब्रुवारी २०२० च्या तुलनेत सुमारे १२ लाखांनी कमी होता.

अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पीपीपीच्या निधीपैकी केवळ २३ ते ३४ टक्के रक्कम एरवी नोकरी गमावली असती अशा कामगारांपर्यंत पोहोचली. उरलेली रक्कम मुख्यतः मालक व भागधारकांकडे गेली. हा निष्कर्ष सर्व उद्योगांना मिळून आहे. योजनेच्या समर्थकांच्या मते, भाडे थकून कायमची बंद पडली असती अशी अनेक उपाहारगृहे या कर्जांमुळे टिकली आणि पुढे कामगारांना परतण्यासाठी जागा उरली.

कोणती मदत कोणाच्या हाती पडली, यात या योजनांचा मुख्य फरक दिसतो. सरसकट ६०० डॉलरचा भत्ता नोंदींतील उणिवा असूनही अल्पवेतन कामगारापर्यंत पोहोचला, पण तो चार महिनेच टिकला. मालकामार्फत दिलेली मदत व्यवसाय वाचवू शकली, परंतु ती कामगाराला मिळेलच याची हमी प्रत्येक योजनेत नव्हती. परवाना नसलेल्या स्थलांतरित कामगारांना संघराज्याच्या बेरोजगारी भत्त्यात आणि एकरकमी मदतीत स्थान नव्हते, आणि राज्यांच्या निधीवाचून त्यांच्यापुढे दुसरा मार्ग उरला नाही. बक्षिसीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी २.१३ डॉलरचा वेतनदर आणि अपुऱ्या नोंदी यांनी साथीआधीच ठरवून ठेवलेली असुरक्षितता टाळेबंदीत उघड झाली. साथीनंतर अनेक राज्यांत या वेतनदराविषयी पुन्हा सुरू झालेल्या चर्चेला हीच पार्श्वभूमी आहे.